सुतळीला मी काढलं

मंग्या, आज रविवार आहे आणि मी पोहे केलेत. वाईट झालेत. भिजवून ठेवले आणि विसरलो, त्यांचा पार लगदा झाला. वर तर्री नाही, म्हणजे तुझ्या हिशेबाने हे पोहेच नव्हेत. तरी खाल्ले. आठ दिवस लोक मला डबे आणून देतायत, जसा काही मी तुझा सख्खा भाऊ. मला कंटाळा आलाय रे. रडण्याचा नाही, रडू तर धड येतच नाही. उठायचा, दाढी करायचा, ऑफिसात जाऊन 'आय ॲम ग्रँड', म्हणजे मजेत आहे, असं म्हणायचा कंटाळा आलाय.

समोर लॅपटॉप उघडा आहे. उद्या सोमवार, त्याच्या आत संघ लावायचा. सहा वर्षांत हे काम मी एकट्याने कधी केलेलं नाही. आणि तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, ती सांगितल्याशिवाय माझा हात चालणार नाही. सांगतो. पण आधी थोडं भांडू दे. तू गेलास म्हणून तुझं सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही.

मुळात या भानगडीत तूच मला ओढलंस. आपल्या अमेरिकन साहेबाने, ब्रायनने, ऑफिसात फँटसी बेसबॉलची लीग काढली. त्याला दहा संघ हवे होते, नऊच झाले होते. तू हात वर केलास आणि दुसऱ्या हाताने माझा हात वर केलास. मी विचारलं, हे असतं काय? तू म्हणालास, "काही नाही बे. खऱ्या खेळाडूंचा आपण कागदावर संघ करायचा. ते तिकडे अमेरिकेत घाम गाळणार, गुण आपल्याला इकडे आयर्लंडात, सँट्रीत बसून मिळणार. याच्यापेक्षा सोपं काय पाहिजे तुला पुणेकर?"

सोपं! आपण दोघांनी जन्मात बेसबॉलची बॅट हातात धरली नव्हती. दहापैकी सात वेळा आउट होणारा माणूस तिकडे थोर समजतात, हे कळल्यावर तू खुर्चीवरून उठलास. "आमच्या महालातल्या गल्लीत याला पाणी द्यायलाही उभं नसतं केलं." आणि पिचर म्हणजे आपला बोलर, असं धरून आपण रोज तेच तेच पिचर लावत राहिलो. तो गडी पाच दिवसांतून एकदा चेंडू टाकतो, बाकीचे चार दिवस दंडाला बर्फ लावून बसतो, हे आपल्याला कळेपर्यंत जून उजाडला. अर्धा सीझन आपल्या निम्म्या जागा रिकाम्या. ब्रायनला वाटत होतं, ही काहीतरी इंडियन स्ट्रॅटेजी आहे. तू त्याला ते तसंच वाटू दिलंस.

त्यांची लांबलचक स्पॅनिश नावं आपल्या जिभेवर बसेनात म्हणून तू बारशी केलीस. माझा लाडका एक पोक्त फलंदाज होता, कधी मोठा फटका नाही, कधी पडझड नाही, दर आठवड्याला दोन घास गुण हमखास. त्याचं नाव तू वरणभात ठेवलंस. आणखी एक होता, बेस चोरण्यात, म्हणजे समोरच्यांची नजर चुकवून पुढच्या टप्प्यावर पळण्यात पटाईत, तो भुरटा. भुरटा तुझा जीव की प्राण, कारण तो एकतर चोरी करून यायचा नाहीतर रंगेहाथ पकडला जायचा, मधलं काही नाही. आणि मग आला तो तेवीस वर्षांचा पिचर. चेंडू असा फेकायचा की कॅमेऱ्याला दिसू नये, पण कोपर कधी दगा देईल याचा नेम नाही. तू म्हणालास, हा सुतळी बॉम्ब आहे. वाजला तर गल्ली हादरेल, नाहीतर नुसता धूर. तेव्हापासून सुतळी.

आणि आपला नियम. तो तुझाच. संघात कुणाला घ्यायचं असो की काढायचं असो, दोघांचा 'हो' लागेल. एकट्याने हात लावायचा नाही. त्यासाठी दर रविवारी दहा वाजता मी सँट्रीहून ओंगारला तुझ्या घरी यायचो, तुझी वैशाली पोहे करायची, तू त्यावर तर्री ओतायचास आणि आपण भांडायचो. मी म्हणायचो, रोज थोडं देणारा घेऊ. तू म्हणायचास, "थोडंथोडं घेऊन करशील काय बे? आठवा नंबर येईल. आठव्या नंबराला कोणी ओळखून राहिलंय का?" आणि तुझं ऐकलं की आपण नववे यायचो.

माझं कामच टेस्टिंगचं. काय मोडेल, कुठे मोडेल, हे शोधायचं मला पगार मिळतो. ते घरीही सुटत नाही, हे मला मान्य आहे. घरांचे भाव उतरतील म्हणून मी सँट्रीच्या भाड्याच्या फ्लॅटात नऊ वर्षं थांबलो. तू आल्या आल्या ओंगारला घर घेतलंस, तेव्हा मी तुला वेड्यात काढलं होतं. तुझी लेक सई त्या घराच्या दारात सायकल शिकूनही झाली, मी अजून भाव बघतोय. एकदा चिडून तू म्हणालास, "तू आयुष्यच बेंचवर बसवून ठेवलंस." मी तीन रविवार आलो नाही. चौथ्या रविवारी तू फोन केलास आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात विचारलंस, "भुरट्याला लावू की नको?" मी म्हटलं, लाव. यालाच तू माफी मागणं म्हणत असावास.

मग हा फेब्रुवारी आला आणि तुझे रिपोर्ट आले. ते सगळं मी पुन्हा सांगत बसत नाही, तुला माहीत आहे.

पण लिमरिकचं सांगू दे. तिथल्या आपल्या मराठी डॉक्टरांकडे दुसरं मत घ्यायला मी तुला मे महिन्यात गाडीतून घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे दोन रस्ते समोर ठेवले. एक जबर औषध, नवीन, लागलं तर लागलं, पण महिनोन्महिने हॉस्पिटल. दुसरं सौम्य, बरं न करणारं, पण घरी राहता येईल असं. मला वाटलं, यात विचारायचं काय? हा सुतळीवाला माणूस. हा पहिलंच घेणार. आणि तू म्हणालास, "डॉक्टर, दुसरं चालेल."

परतीच्या रस्त्यावर मी तुला काय काय बोललो! आजारी माणसाशी असं बोलतात का कुणी? सहा वर्षं माझं डोकं खाल्लंस, रिस्क घे, रिस्क घे म्हणून, आणि जिथे घ्यायची तिथे वरणभात मागवलास? तू खिडकीबाहेर बघत होतास. तिकडेच बघत म्हणालास, "अबे, त्यात रविवारी घरी असतो मी." मी म्हटलं, हे काही उत्तर नाही. तू म्हणालास, "तुला पटत नसेल तर नको पटू." मग पेट्रोल भरायला थांबलो, तू दोन चहा घेतलेस, आणि तो विषय तिथेच राहिला. पुढे ना तू काढलास, ना मी. मंग्या, ते भांडण अजून माझ्या बाजूने चालूच आहे. तुझी बाजू मला कळते. पण पटत नाही. अजूनही नाही.

त्याच आठवड्यात सुतळीचं कोपर गेलं. ऑपरेशन, आणि परत येणार थेट पुढच्या एप्रिलमध्ये. मी म्हटलं, काढू या. एक जागा अडवून बसणार, वर्षभर शून्य गुण. तू म्हणालास, नाही. आपल्या लीगमध्ये सीझन संपताना प्रत्येक संघाला एकच खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येतो, आणि तुला सुतळीला ठेवायचं होतं. जून गेला, जुलै गेला. तुझे गाल आत गेले, पोहे तू नुसते चिवडायला लागलास, वैशाली तुझ्या बशीतलं गुपचूप कमी करायला लागली. आणि दर रविवारी तू ते एकच वाक्य म्हणायचास, "एप्रिल येऊ दे, मग बघ युअर मॅन सुतळी काय करून राहतो ते." मी लॅपटॉपकडे बघत बसायचो. तुझ्याकडे बघणं मला जमायचं नाही.

आता ते सांगतो.

मागच्या खेपेला तुला ॲडमिट केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दुपारी मी आलो. तू झोपला होतास. वैशाली मला बाहेर कॉरिडॉरमध्ये घेऊन गेली. म्हणाली, "सुहासभाऊ, डॉक्टर म्हणतायत, आता दिवस मोजायचे." तिने ते इतक्या सपाट आवाजात सांगितलं की मला आधी कळलंच नाही. मी 'बरं' म्हटलं. बरं!

मग मी खाली पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो. ऊन होतं, गाडी तापली होती, आणि मला काच खाली करायचंही सुचत नव्हतं. सवयीने फोन काढला. सवयीने आपला संघ उघडला. सुतळीच्या नावापुढे लिहिलं होतं, एप्रिलमध्ये परतणार. ते मी वाचलं आणि त्याला काढून टाकलं. तुला न विचारता. त्याच्या जागी एक रटाळ, भरवशाचा फलंदाज घेतला, वरणभाताचाच कुणीतरी चुलतभाऊ. मनाला म्हटलं, संघाच्या भल्यासाठी. खोटं आहे ते. आपण आठवे होतो, आपलं भलं ब्रह्मदेवाच्या बापालाही करता आलं नसतं. मला तो एप्रिल डोळ्यांसमोर नको होता, एवढंच. सुतळीला काढताना मी तुला काढलं, मंग्या. तुझं आता काही खरं नाही, असं मी बटण दाबून मान्य केलं, आणि तू वर तिसऱ्या मजल्यावर श्वास घेत होतास.

गुरुवारी आलो तर तू जागा होतास. उशा लावून बसवलं होतं तुला. घसा बसलेला, तरी तू विचारलंस, "सुतळी कसा आहे बे?" आणि मी, टेस्टिंगमधला माणूस, दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणारा, तुझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, "बरा आहे. एप्रिलला येतो म्हणाला." तू हसलास. माझ्या मनगटावर हात ठेवलास. "सांभाळ त्याला," म्हणालास. मग तुला झोप लागली. आपलं शेवटचं बोलणं हे. सहा वर्षं खरं बोलून भांडलो आणि शेवटचं वाक्य मी तुझ्याशी खोटं बोललो.

शनिवारी सकाळी तू गेलास.

रविवारी ओंगारला तुझ्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. तुझ्या शेजारच्या आयरिश बायकांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. कुठल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, कप आहेत हे त्यांना वैशालीपेक्षा जास्त माहीत, अशा थाटात त्या कपाटं उघडत होत्या. सँडविचचे ट्रे आले, केटल थंड होऊ देत नव्हत्या. प्रत्येक जण येऊन हात हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "सॉरी फॉर युअर ट्रबल." पहिल्यांदा मला राग आला, हा काय बिघडलेला नळ आहे का? विसाव्यांदा ऐकल्यावर वाटलं, बरोबरच म्हणतायत. तू म्हणजे ट्रबलच होतास. सई जिन्यात बसून प्रत्येकाला "थँक्स अ मिलियन" म्हणत होती, तुझाच आवाज बारीक करून ठेवल्यासारखा.

दहा वाजले. मी सवयीने ओट्याकडे बघितलं. पोहे नव्हते. आणि खिशात फोन वाजला.

मेल लीगचा होता. आपल्या लीगमध्ये काढलेला खेळाडू काही दिवस अधांतरी राहतो. ज्याला हवा त्याने मागणी टाकायची, रविवारी सकाळी निकाल लागतो, आणि तळाच्या संघाला पहिला मान. मेलमध्ये लिहिलं होतं, तुमच्या संघाची मागणी मंजूर. सुतळी संघात परत. मी दोनदा वाचलं. मागणी मी टाकलीच नव्हती. मग खाली बघितलं. मागणी टाकणारा, मंगेश. वार, बुधवार. वेळ, मी त्याला काढल्यावर वीस मिनिटांनी.

मी एवढा मोठा टेस्टर, आणि मला हे आठवलं नाही की संघात काहीही बदललं की दोघांच्याही फोनवर सूचना जाते. ही सोय पहिल्या वर्षी मीच चालू करून घेतली होती. तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून!

म्हणजे गुरुवारी तुला सगळं माहीत होतं. "सुतळी कसा आहे बे" विचारलंस तेव्हा माहीत होतं. मी धडधडीत थापा मारत होतो आणि तू हसत ऐकून घेत होतास. सहा वर्षांत मला एकदाही न खडसावता सोडलं नाहीस, आणि नेमकं तेव्हा सोडलंस.

मग मी बघितलं, सुतळीला जागा करायला तू काढलंस कुणाला. माझ्या त्या रटाळ फलंदाजाला काढलं असेल, असं मला वाटलं. तेच न्यायाचं होतं. पण तो तिथेच होता, वरणभाताच्या शेजारी. तू भुरट्याला काढलं होतंस. स्वतःच्या जीव की प्राण माणसाला. माझी माणसं तू जागेवर ठेवलीस.

वैशाली बाजूलाच उभी होती, हातात न प्यायलेला चहा. मी तिला फोन दाखवला. तिने बघितलं आणि मान हलवली. म्हणाली, "हां, बुधवारी तुम्ही खाली गेल्यावर याला जाग आली. फोन वाजला म्हणून माझ्याकडे चष्मा मागितला. मी म्हटलं दे मी करते, तर नाही म्हणाला. किती वेळ टाइप करत होता. मी विचारलं, ऑफिसचं आहे का? तर म्हणाला, नाही गं, पुणेकर घाबरला आहे. त्याचं निस्तरून राहिलोय."

एवढं सांगून ती रडायला लागली, आठवडाभरात पहिल्यांदा. शेजारची बाई धावत आली आणि दोघांना खुर्च्या दिल्या. मीही रडलो असेन. मला नीट आठवत नाही.

हो रे. घाबरलो होतो. तूही घाबरला असशील, पण तू कुणाला दिसू दिलं नाहीस. मी लिमरिकच्या रस्त्यावर तुला भित्रा म्हणालो होतो ना, प्रत्यक्ष नाही तरी म्हणालोच होतो. तो शब्द मागे घेतो. औषधाबद्दल माझं मत तेच आहे, पण तो शब्द मागे घेतो. तुझे मे ते ऑगस्टचे रविवार मी मोजले. चौदा. त्या चौदाही रविवारी तू घरी होतास, आणि त्या सगळ्यांना मी होतो. ते जबर औषध घेतलं असतंस तर यातले किती मिळाले असते, हे मला कुणी सांगू शकत नाही. तू ते रविवार घेतलेस. मला वाटतं त्यात थोडा मीही होतो. आभार वगैरे आपल्यात नसतात, तरी मानतो.

परवा ब्रायन माझ्या टेबलाशी आला होता. म्हणाला, संघ बंद करायचा असेल तर कुणीही काही म्हणणार नाही, अजिबात घाई नाही. चालवायचा असेल, तर पुढच्या वर्षासाठी कुणाला राखणार ते सावकाश कळव. भला माणूस आहे. मी म्हटलं, विचार करून सांगतो. मी नेहमी तेच म्हणतो.

काल ओंगारला गेलो होतो. वैशाली म्हणाली, रविवारी येत जा, पोहे मी करीन. मी म्हटलं, या रविवारी नको, पुढच्या. आज मला हे एकट्याने उरकायचं होतं.

तर उद्याचा संघ लावून झाला. वरणभात आहे, त्याचा चुलतभाऊ आहे. भुरटा कुणीतरी उचलला, आता त्या माणसाची झोप उडेल. आणि ब्रायनला उत्तर लिहिलंय, पुढच्या वर्षासाठी सुतळी. पाठवलेलं नाही अजून. नियम आहे ना, दोघांचा 'हो' लागतो. तुझा बुधवारी दुपारीच येऊन पडला होता, मीच बघितला नाही. हा घे माझा.